आत्या चार रंगांत

छायाचित्राचे पॉप आर्ट करायचे म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे आधी रंगच येतात: गुलाबी चेहरा, पोपटी केस, पिवळीधमक पार्श्वभूमी. प्रत्यक्षात संगणकापुढे बसल्यावर रंगांची पाळी बरीच उशिरा येते आणि ती येईपर्यंत चित्राचे बरेवाईट ठरून गेलेले असते. ते ठरते करड्या छटांच्या कत्तलीत. साध्या डिजिटल छायाचित्रातले रंग काढून टाकले की काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ पायऱ्या उरतात. गिम्प किंवा फोटोशॉप या चित्रे हाताळायच्या सॉफ्टवेअरमधली थ्रेशोल्ड नावाची सोय या पायऱ्यांवर एका ठिकाणी रेघ मारते आणि रेघेच्या खालचे सगळे काळे, वरचे सगळे पांढरे करून मोकळी होते. गालाची गोलाई, हनुवटीखालची सावली, डोळ्यांखालचा थकवा, असे जे जे मधल्या पायऱ्यांवर सुखाने राहत होते, त्या प्रत्येकाला कोणत्या तरी एका पक्षात जावेच लागते. ही रेघ कुठे मारायची, हे ठरवणे म्हणजे समोरच्या माणसातले काय ठेवायचे आणि काय सोडायचे, हे ठरवणे असते.

आत्याच्या पंचाहत्तरीला तिचे असे चित्र करून भेट द्यावे, अशी टूम आम्हा भाचरांनी काढली आणि संगणक माझ्याकडे असल्यामुळे काम माझ्या गळ्यात पडले. निवडलेले छायाचित्र सदाशिव पेठेतल्या तिच्या गॅलरीत, सकाळच्या तिरप्या उन्हात काढलेले होते. या कामाला असा एका बाजूने येणारा उजेड फार उपयोगी पडतो, कारण त्यामुळे चेहऱ्याचा अर्धा भाग आपण होऊन सावलीत जातो आणि नाकाची कड स्पष्ट उठते. समोरून फ्लॅश मारलेल्या फोटोवर थ्रेशोल्ड चालवला, तर डोळे, नाकपुड्या आणि ओठांची फट एवढेच हाती लागते. पॉप आर्टचा प्रसिद्ध अमेरिकी चित्रकार अँडी वॉरहॉल याला मात्र नेमके तेच हवे असे. १९७०च्या दशकात पैसे मोजून चित्र काढून घ्यायला येणाऱ्या मंडळींच्या चेहऱ्यावर तो पांढरा मेकअप थापत असे आणि पोलरॉइडच्या ‘बिग शॉट’ कॅमेऱ्याने, फ्लॅशच्या सपाट उजेडात त्यांचे फोटो काढत असे. सुरकुत्या तिथेच निकालात निघत. आत्याच्या सुरकुत्या निकालात काढाव्यात, असे मला वाटत नव्हते. तिरप्या उन्हात त्यांच्या ठळक काळ्या रेषा होतात आणि त्या रेषांमुळेच तो चेहरा तिचा ठरतो.

मोबाइलवर एका बोटाच्या स्पर्शात पॉप आर्ट करून देणारी ॲप्स मला आवडत नाहीत, याचे कारण इथेच आहे. त्यांतली बरीचशी ती रेघ सरधोपटपणे मधोमध मारतात. उजळ चेहऱ्याला ती जागा मानवते; आत्यासारख्या सावळ्या चेहऱ्यावर मात्र कपाळापासून मानेपर्यंत काळोख पसरतो आणि त्यातून चष्म्याची चकाकी तेवढी वर येते. स्लायडर हाताने डावीकडे, पार नव्वदीच्या आसपास ओढत नेला, तेव्हा कुठे त्या काळोखातून आधी नाक, मग गाल आणि शेवटी तिचे ते किंचित मिस्कील, ‘मला सगळे कळते’ असे सांगणारे ओठ बाहेर आले. आणखी थोडे डावीकडे गेले की ओठही पुसट होतात. अवघ्या चारपाच पायऱ्यांच्या पट्ट्यात आत्या आत्या असते. त्याच्या अलीकडे ती कोणीही सावळी बाई आणि पलीकडे कोणीही गोरी बाई.

त्यातून कुंकवाचा प्रश्न उभा राहिला. रंगीत छायाचित्र मुळात लाल, हिरवा आणि निळा अशा तीन वाहिन्यांचे बनलेले असते आणि प्रत्येक वाहिनी वेगळी काढून पाहिली तर ती एक स्वतंत्र करडी प्रतिमाच असते. तिन्हींचे मिळून एक करडे चित्र करताना सॉफ्टवेअर सर्वांना सारखे वजन देत नाही. एका प्रचलित सूत्रात हिरव्याला सुमारे ५९, लालला ३० आणि निळ्याला ११ टक्के वजन असते, कारण मानवी डोळ्याला हिरवा उजेड सर्वांत प्रखर वाटतो. चेहऱ्यासाठी नुसती लाल वाहिनी घेतली तर त्वचा छान उजळते, बारीक डागही मावळतात. म्हणून मी आधी तीच घेतली होती. पण त्वचेतही लाल भरपूर आणि कुंकवातही लाल भरपूर, त्यामुळे लाल वाहिनीत दोन्ही सारखीच उजळ दिसतात आणि थ्रेशोल्ड लावताच कुंकू कपाळात विरून जाते. आतोबा शेजारच्या खोलीत ठणठणीत बसून शब्दकोडे सोडवत असताना आत्याला मोकळ्या कपाळाची करून भिंतीवर टांगणे कोणालाच मानवले नसते. हिरव्या वाहिनीत मात्र तेच कुंकू काळेभोर उठते. शेवटी कपाळापुरती हिरवी वाहिनी आणि गालांपुरती लाल, अशी तडजोड केली. जुन्या घरांतले आजी-पणजीचे स्टुडिओतले फोटो आठवून पाहा: त्यांत कुंकू नेहमी काळेकुट्ट दिसते. त्या काळच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल उजेड जवळजवळ दिसतच नसे, त्यामुळे लाल ते काळे, हा न्याय कुंकवालाही लागू होता.

पॉप आर्टमधला हा काळा-पांढरा कठोरपणा संगणकाच्या आधीचा आहे, आणि तो आला छपाईतून. ऑगस्ट १९६२ मध्ये मर्लिन मन्रोचे निधन झाले आणि त्यानंतर वॉरहॉलने तिच्या १९५३ सालच्या एका चित्रपटाच्या जाहिरातीचे छायाचित्र घेऊन ते रेशमी जाळीवर उतरवले, जाळीतून शाई ओढून तेच ते मुख छापत गेला. त्याच्या ‘मर्लिन डिप्टिक’ या दोन फलकांच्या जोडचित्रात असे ५० चेहरे आहेत, २५ रंगीत आणि २५ काळे, काळ्या भागात शाई कुठे जास्त तर कुठे कमी उतरल्यामुळे काही चेहरे माखून गेले आहेत, तर काही जेमतेम उमटले आहेत. या कृतीत पुणेकराला अपरिचित असे काहीच नाही. पेठांमधल्या लग्नपत्रिका छापणाऱ्यांकडे लाकडी चौकटीवर ताणलेली जाळी, तिच्यावर लावलेले इमल्शन, त्यावर ठेवलेली काळी पॉझिटिव्ह (पारदर्शक फिल्मवरचे काळे चित्र) आणि रबरी पट्टीने ओढलेली सोनेरी शाई, असा सगळा सरंजाम असतो. उजेड लागलेले इमल्शन घट्ट होते, काळ्याखालचे पाण्याने धुऊन जाते आणि तेवढ्याच वाटेने शाईतला गणपती कागदावर उतरतो. त्याही आधी, १८७८ मध्ये, याच शहरात विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने चित्रशाळा उभी राहिली आणि देवादिकांची रंगीत चित्रे शिळेवर छापून घरोघर पोहोचली. त्या शिळाछपाईत प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागे. आज संगणकावर चित्राच्या एकावर एक ठेवलेल्या थरांपैकी ज्या एकेकाला आपण लेयर म्हणतो, तो वजनाने फार हलका झालेला तो दगडच आहे.

रंगांचे काम त्यामानाने सोपे. काळ्या-पांढऱ्या चित्राचा लेयर सर्वांत वर ठेवून त्याला ‘मल्टिप्लाय’ करायचे, म्हणजे त्यातले पांढरे नाहीसे होऊन काळे तेवढे उरते. मग खाली चेहरा, केस, साडी आणि ओठ यांचे सपाट रंग भरायचे. एकच काळजी घ्यायची: रंग रेषेत चोख बसवायचे नाहीत. ओठांचा लाल थोडा वर, साडीचा जांभळा थोडा डावीकडे सरकवला, की चित्रात छापखान्याचा जीव येतो. पॉप आर्टची दुसरी ओळख असलेल्या ठिपक्यांचा मोह मी टाळला. वॉरहॉलचा समकालीन पॉप आर्ट चित्रकार रॉय लिक्टेनस्टाइन याच्या चित्रांतले ठिपके एका आकाराचे असतात, ती बेंजामिन डे याने १८७९ मध्ये काढलेली रीत. वर्तमानपत्रातले हाफटोनचे ठिपके मात्र सावलीप्रमाणे लहानमोठे होतात. सॉफ्टवेअरमधले तयार फिल्टर बहुधा दुसरा प्रकार देतात आणि लोक त्याला पहिल्याचे नाव लावतात. शिवाय आत्याच्या गालावर ठिपके आले असते, तर तिने आधी त्वचारोगतज्ज्ञाचे नाव विचारले असते.

चित्र चार चौकोनांत केले: एक निळी आत्या, एक केशरी, एक जांभळी आणि एक हिरवी. कच्चे चित्र तिला दाखवले तेव्हा तिने चष्मा वर-खाली करून बराच वेळ पाहिले आणि विचारले, “हा फ्लेक्स कुठल्या चौकात लावणार आहेस रे?” प्रश्न रास्त होता. भाऊ, दादा आणि अण्णांचे चेहरे एकाच फलकावर लहानमोठ्या आकारांत पुन्हा पुन्हा छापण्याची कला आपल्या चौकाचौकांत केव्हाची रुजलेली आहे. फरक एवढाच, की तिथे प्रत्येक चेहरा उजळवून, गुळगुळीत करून, एकही सुरकुती न ठेवता छापतात. त्या बाबतीत आपले भाऊ-दादा वॉरहॉलच्या श्रीमंत गिऱ्हाइकांच्या पंगतीला शोभतील. मग आत्याने केशरी चौकोनावर बोट ठेवले. “ही मी. या बाकीच्या तिघी कोण?” मी सांगितले, की चौघी एकाच फोटोतून आल्या आहेत आणि रेषाही तंतोतंत त्याच आहेत. तिला ते पटले नाही. जांभळी तिला तिच्या धाकट्या बहिणीसारखी वाटली, आणि निळीबद्दल तिचे मत इतके वाईट झाले की ती बदलून गुलाबी करावी लागली.

चित्र कॅनव्हासवर छापायला दिले, ते दुकान एके काळी स्क्रीन प्रिंटिंग करणाऱ्या आणि आता मोठे डिजिटल यंत्र घेतलेल्या एका जुन्या कारागिराचे होते. पडद्यावरचा झगझगीत जांभळा छपाईच्या शाईत थोडा मळणार, हे त्यांनी आधीच सांगून ठेवले आणि ते खरेही होते, कारण पडद्याच्या उजेडातले सगळे रंग शाईच्या आवाक्यात येत नाहीत. संध्याकाळी त्यांचा फोन आला. “साहेब, तुमचा लाल ओठांवरून सरकलाय. चारही ठिकाणी. बसवून देऊ का?” मी म्हटले, की तो मुद्दाम सरकवलेला आहे. पलीकडे थोडा वेळ शांतता. आयुष्यभर रंगावर रंग केसभरही न हलता बसवण्यात ज्यांचे हात झिजले, त्यांना हे सांगताना मलाच संकोच वाटला. “बरं, छापून देतो,” ते म्हणाले, “पण मागे आमच्या दुकानाचा शिक्का असतो ना, तो मारत नाही.”