कागदी डंजन आणि ठाण्याचा भुईकोट

टेबलटॉप रोल-प्लेइंग खेळासाठी, म्हणजे टेबलाभोवती बसून आपापले पात्र वठवत खेळायच्या खेळासाठी, डंजन उभारायचे, म्हणजे तळघरे, कोठड्या, भुयारे आणि त्यांना जोडणारे बोळ टेबलावर प्रत्यक्ष मांडायचे, तर आज साहित्याची वानवा नाही. रेझिनच्या (कडक प्लास्टिकच्या) तयार टाइल, म्हणजे जमिनीचे आणि भिंतींचे जोडायचे तुकडे, मिळतात, थ्रीडी प्रिंटरवर हव्या तशा भिंती काढता येतात, फोमच्या लादीवर एकेक दगड कोरणारे कुशल हातही आपल्याकडे आहेत. या सगळ्यांत कागद म्हणजे दुसरे काही परवडत नसेल तर पत्करायची गोष्ट, असे बहुतेकांना वाटते. ठाण्यात नौपाड्यातल्या घरी मित्रमंडळींसाठी खेळ चालवताना माझे मत मात्र उलट दिशेने पक्के होत गेले आहे. खेळ चालवणाऱ्याच्या मनात जी वास्तू आहे, नेमकी तीच टेबलावर आणण्याची मुभा कागद देतो, आणि या गुणापुढे त्याचे सगळे दोष मला सोसण्याजोगे वाटतात.

विकतच्या टाइलचा संच कितीही देखणा असला, तरी त्यात जेवढे कोपरे आणि जेवढे दरवाजे असतील तेवढ्यातच आपली वास्तू बसवावी लागते. पायऱ्यांच्या गोल विहिरीत उतरणारा प्रसंग सुचतो, पण संचात गोल भिंत नसते म्हणून विहीर चौकोनी होते, आणि पुढच्या खेपेला विहीर सुचायचीच थांबते. साहित्याने कल्पनेला असे वळण लावलेले आपल्या लक्षातही येत नाही. १९९६ साली सुरू झालेल्या ड्वार्व्हन फोर्ज या कंपनीने रंगवलेल्या, जोडता येणाऱ्या टाइलची जी परंपरा उभी केली तिच्याबद्दल मला मनापासून आदर आहे; त्या टाइल हातात घेतल्यावरचा जडपणा कागदात कधीच येणार नाही. परंतु १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा रोल-प्लेइंग खेळ प्रथम प्रसिद्ध झाला तेव्हा, तो कागद, पेन्सिल आणि छोट्या प्रतिमा (पात्रांच्या लहान मूर्ती) घेऊन खेळता येतो, असे त्याच्या मुखपृष्ठावरच छापलेले होते. त्या तीन वस्तूंपैकी पहिलीवर मी अजून विसंबून आहे.

मापाचा पाया म्हणजे एक इंचाचा चौकोन. तो खेळातले पाच फूट दाखवतो आणि २८ मिलिमीटर मापाची प्रतिमा त्यावर नीट उभी राहते, त्यामुळे दहा फुटांचा बोळ दोन इंच रुंद काढायचा, हे हिशेब लवकरच हातात बसतात. छपाईत मात्र जपावे लागते. अमेरिकेत तयार झालेल्या टाइलच्या पीडीएफ बहुधा २१६ बाय २७९ मिलिमीटरच्या लेटर कागदासाठी आखलेल्या असतात आणि आपला ए४ कागद २१० बाय २९७ मिलिमीटरचा असतो. प्रिंटरच्या खिडकीत ‘फिट टू पेज’ निवडलेले राहिले, तर पान रुंदीत मावावे म्हणून सगळे चित्र जवळजवळ तीन टक्क्यांनी आक्रसते, आणि सहा इंची टाइल चार मिलिमीटर लहान निघते. एकाच दिवशी एकाच ठिकाणी छापलेला संच आपसांत जुळतो, म्हणून ही तूट ध्यानात येत नाही. अर्ध्या टाइल घरी आणि अर्ध्या स्टेशनजवळच्या दुकानात छापल्या की बोळाची रेघ दारापाशी तुटते. म्हणून दुकानदाराला ‘अ‍ॅक्च्युअल साइझ’ सांगावे आणि पहिले पान हातात आल्याबरोबर तिथल्या तिथे पट्टी लावून एक चौकोन मोजावा. जाता जाता एक सांगतो: विकत घेतलेली पीडीएफ आपल्या टेबलापुरती छापायची असते. ती गटात सर्वांना वाटून टाकणे म्हणजे हे संच आखणाऱ्या, बहुधा एकट्यादुकट्या काम करणाऱ्या माणसाच्या पोटावर पाय देणे आहे.

कागदाची निवड हा या कामाचा गाभा आहे. जमिनीच्या टाइलला १६० ते २०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) मॅट कागद पुरतो, कारण तो पुढे पुठ्ठ्यावर चिकटतो. स्वतःच्या बळावर उभ्या राहणाऱ्या भिंतींना थोडा अधिक जाड कागद हवा. पण जाडीपेक्षाही महत्त्वाची आहे ती कागदातल्या तंतूंची दिशा. यंत्रावर तयार होताना कागदाचे बरेचसे तंतू एका दिशेला लागतात. कागद हलकेच वाकवून पाहिला, तर एका दिशेने तो सहज वळतो आणि दुसऱ्या दिशेने अडतो. सहज वळतो त्या दिशेला समांतर घडी घातली की धार सुरेख येते. आडवी घातली तर पृष्ठभाग फुटतो आणि छापलेल्या दगडाच्या कडेला पांढरी भेग उमटते. लेझर छपाईत हा त्रास जास्त, कारण टोनर कागदात न मुरता वर थर होऊन बसतो. त्यामुळे भिंतींची आखणी करताना मी आधी घड्यांची दिशा ठरवतो आणि पानावर भाग त्यानुसार मांडतो, मग थोडा कागद वाया गेला तरी चालेल.

घडीपूर्वी ओळ दाबून घेण्याचे काम मला आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी शिकवले. ते दर दिवाळीला आकाशकंदील हाताने करतात आणि रिफिल संपलेल्या बॉलपेनाने, स्टीलच्या पट्टीच्या आधाराने, अशी ओळ दाबतात की कागद जणू स्वतःच्या मर्जीने दुमडतो. कटरच्या उलट्या बाजूने हेच काम होते, पण त्यात हात जरा जड पडला की कागद चिरतो. कापतानाही एका दमात पाते रेटण्यापेक्षा दोन-तीन हलके फेरे द्यावेत आणि पात्याचे टोक बोथट वाटू लागताच तोडून टाकावे. कापलेली कड पांढरी दिसते. ती चिकटवण्याआधीच करड्या स्केचपेनाने रंगवून घ्यावी, कारण नंतर कोपऱ्यांत पेन पोचत नाही. कागदी डंजनमध्ये पाहणाऱ्याची नजर सर्वांत आधी खटकते ती या पांढऱ्या कडेवर; एवढी एक गोष्ट केली तर साध्या प्रिंटरवरचा संचही भारदस्त दिसू लागतो.

आता आपल्या हवेविषयी, कारण थंड, कोरड्या देशांतल्या मार्गदर्शनात याचा उल्लेख फारसा नसतो. ठाण्यात जून ते सप्टेंबर हवेत इतके बाष्प असते की कागद ते शोषून घेतो, आणि तंतू लांबीपेक्षा रुंदीत अधिक फुगत असल्याने टाइल तंतूंच्या आडव्या दिशेने वाकते. फेव्हिकॉलमध्ये पाणी असते, म्हणून चिकटवतानाच ही ओढ सुरू होते. यावरचा उपाय पुस्तकबांधणी करणाऱ्यांकडचा आहे. पुठ्ठ्याच्या एका बाजूला छापील कागद लावला की दुसऱ्या बाजूलाही तेवढ्याच जाडीचा साधा कागद लावायचा, तिन्ही थरांतल्या तंतूंची दिशा एक ठेवायची आणि सगळे रात्रभर वजनाखाली दाबून ठेवायचे. दोन्ही बाजूंची ओढ सारखी झाली की टाइल सपाट राहते. घरी खळ करून वापरण्याचा मोह टाळावा, कारण पिठातल्या स्टार्चवर कसर येते आणि ती भिंतीच्या आतून कागद खात जाते. इंकजेटची छपाई ओल्या बोटाने पसरू नये म्हणून वरून मॅट स्प्रे मारतात. तो मात्र भर पावसाळ्यात मारू नये. दमट हवेत सुकताना त्यावर पांढुरकी साय धरते आणि काळा दगड धुक्यात गेल्यासारखा दिसतो. माझी फवारणी सगळी नोव्हेंबर ते मे याच काळात होते. तयार टाइल मिठाईच्या मोठ्या खोक्यांत उभ्या रचून त्यांत सिलिका जेलच्या पुड्या टाकतो, आणि ही खोकी बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवत नाही.

भिंतींच्या उंचीबाबत माझे मत सर्वांना पटत नाही, तरी मांडतो. दोन इंच उंचीच्या पूर्ण भिंती छायाचित्रात फार शोभतात, पण खेळताना टेबलाच्या पलीकडे बसलेल्याला आतले दिसत नाही, प्रतिमा उचलताना हात अडतो आणि भिंत आडवी होते. अर्ध्या इंचाची भिंत पुरते. कुठे जाता येत नाही, कुठल्या कोपऱ्याआड लपता येते आणि दार कुठे आहे, हे तिच्यावरून कळते, आणि खेळाडूला निर्णय घ्यायला लागते ते एवढेच. जिथे उंचीवरून काही ठरणार आहे, म्हणजे तटावरचा पहारेकरी खाली पाहणार आहे किंवा कुणी वरून उडी मारणार आहे, तिथेच मी खरी उंची उभारतो, आणि ती तशी क्वचित आल्यामुळे तिचा प्रभावही पडतो.

हे सगळे ज्यासाठी एकत्र आले ते काम म्हणजे ठाण्याचा किल्ला. आज आपण ज्याला मध्यवर्ती कारागृह म्हणून ओळखतो तो मुळात भुईकोट आहे. पोर्तुगीजांनी १७३० मध्ये त्याची उभारणी सुरू केली, १७३७ मध्ये तो मराठ्यांकडे आला आणि १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी घेतला. गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांच्या खुनाच्या आरोपावरून इंग्रजांनी दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे यांना इथेच कैदेत ठेवले होते आणि सप्टेंबर १८१६ मध्ये ते इथून निसटले. पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायांना मराठी कळत नव्हते, आणि बाहेर घोड्याची देखभाल करणारा मोतद्दार गाण्याच्या ओळींतून आत निरोप पोचवत असे, अशी कथा सांगितली जाते. रोल-प्लेइंग खेळासाठी याहून चांगला प्रसंग मला कुठल्याही विकतच्या पुस्तकात सापडलेला नाही: एक कोठडी, एक तबेला, खंदक, पावसाळी रात्र, आणि ज्यांच्यासमोर उघड बोलायचे तेच ऐकूनही न ऐकणारे पहारेकरी. चालू तुरुंगाच्या आत जाऊन मापे घेण्याचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे आतली रचना मी सर्वस्वी कल्पनेने आखली आणि खेळाडूंनाही तसे सांगितले.

विकतच्या संचांमधला दगड बहुधा युरोपातल्या किल्ल्यांचा असतो. करड्या रंगाचा, गुळगुळीत, सारख्या आकाराच्या ठोकळ्यांचा. आपल्याकडच्या तटबंदीचा काळा दगड खडबडीत, मध्येच तांबूस झाक असलेला, आणि पावसाळ्यानंतर सांध्यांतून शेवाळ व गवत मिरवणारा. तो हवा म्हणून मी घोडबंदरच्या किल्ल्याच्या भिंतींची छायाचित्रे काढली, तीही मुद्दाम ढगाळ दिवशी. उन्हात काढलेल्या छायाचित्रात प्रत्येक दगडाची सावली एका बाजूला पडलेली असते. टाइल फिरवून लावली की ती सावली भलत्याच बाजूला जाते आणि डोळ्यांना काहीतरी चुकल्याचे जाणवत राहते. ढगाळ उजेडातला दगड कसाही फिरवला तरी चालतो. जिम्प या छायाचित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये ती छायाचित्रे कडांना जुळवून घेतली आणि इंकस्केप या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये भिंतींचे उलगडलेले आकार, चिकटवण्यासाठी दुमडायच्या पट्ट्या आणि चौकोनांची जाळी वेगवेगळ्या थरांवर काढली, म्हणजे जाळी नको असेल तेव्हा तो थर बंद करून छापता येते.

कोठडीच्या मागच्या भिंतीवर मी सर्वांत जास्त वेळ दिला. खेळाडूंनी तिथे शोध घेतला तर दगड सैल असल्याचे कळणार आणि ती वाट तबेल्यात निघणार. रेझिनच्या टाइलमध्ये अशा वेळी एक भिंत उचलून दुसरी ठेवावी लागते. कागदात तीच भिंत उघडते. भिंतीचा एक चौकोन तीन बाजूंनी कापून खालच्या बाजूला दाबलेली ओळ ठेवली. ती ओळ तंतूंना समांतर असल्यामुळे झडप कितीही वेळा उघडली तरी बिजागरी फाटत नाही. कापाच्या रेषा दगडांच्या सांध्यांवरूनच नेल्या, त्यामुळे झडप बंद असताना ओळखू येत नाही. झडप खाली पडते तेव्हा तिची आतली बाजू तबेल्याच्या फरशीशी जुळणारी असते, म्हणजे प्रतिमा तिच्यावरूनच पलीकडे चालत जाते. आमच्या गटातल्या एका मैत्रिणीने नुसता भिंतीला कान लावण्याचा डाव टाकला आणि मी बोटाने ती झडप पाडली, तेव्हा खुर्च्या मागे सारून सगळे उभे राहिले होते. अजून न पाहिलेल्या खोल्या मी काळ्या कार्डशीटच्या तुकड्यांनी झाकून ठेवतो. तबेल्यावरचा तुकडा त्याच क्षणी उचलला.

तट एक इंच उंच पेट्यांचा केला. पेटीचा माथा म्हणजे फांजी (तटावरची चालायची वाट), बाहेरच्या अंगाला जंग्यांची, म्हणजे बंदुका रोखायची, भोके, आणि आत पुठ्ठ्याच्या दोन आडव्या पट्ट्या, म्हणजे धातूची प्रतिमा ठेवली तरी माथा खचत नाही. दरवाज्याच्या आत दोन्ही बाजूंना पहारेकऱ्यांच्या देवड्या ठेवल्या आणि मोठ्या दरवाज्यातली दिंडी, म्हणजे लहान दार, वेगळी उघडणारी केली, कारण एका वेळी एकच माणूस वाकून जाऊ शकतो या गोष्टीवर पाठलागाचा सगळा प्रसंग उभा होता. टाइल सनमायकाच्या टेबलावर सरकू नयेत म्हणून खाली कपाटाच्या खणात घालतात ती जाळीदार रबरी चटई अंथरली.

खंदकाचे पाणी अजून मनासारखे झालेले नाही. मॅट कागदावर छापलेले पाणी शेजारच्या फरशीसारखेच निर्जीव दिसते, आणि सगळ्या टाइलवर लॅमिनेशन करावे तर दिव्याच्या उजेडात दगड चमकतात आणि चौकोन दिसेनासे होतात. सध्या पाण्याचाच भाग वेगळा कापून, त्याला थंड लॅमिनेशनची पारदर्शक फिल्म लावून, तो काठाच्या टाइलपेक्षा एक पुठ्ठा खाली बसवून पाहतो आहे. हे जमले की पुढे खाडीचा धक्का आणि त्याला लागलेली होडी करायची आहे, कारण खेळाडू तटाबाहेर पडले आहेत आणि पुढच्या बैठकीत ते किनाऱ्याकडेच धावणार आहेत.