दीड किलोमीटर पाण्याखाली एक सेंटिमीटर

ज्वालामुखीवर काम करते असं सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला: लाव्हा किती जवळून पाहिलास? पाहिलाय, हवाईमध्ये, आणि तो जन्मभर लक्षात राहील. पण आमचा बहुतेक वेळ जातो उंची मोजण्यात. पोटात मॅग्मा, म्हणजे वितळलेला खडक, साठू लागला की ज्वालामुखीचा माथा वर उचलला जातो, मॅग्मा बाहेर पडला की खचतो. ही उचल आणि ही खच जमिनीवर कशी मोजतात, समुद्राच्या तळाशी कशी मोजतात, हे मी ज्या क्रमाने शिकत गेले त्याच क्रमाने लिहिते. भूशास्त्र शिकणाऱ्या काही मुलामुलींनी विचारलं होतं, म्हणून थोडं सविस्तर.

सुरुवात झाली हवाईच्या किलाउएआ ज्वालामुखीवर. मोजमाप शिकायला याच्याइतकी चांगली जागा नाही. १९१२ पासून तिथे वेधशाळा आहे, त्यामुळे शंभर वर्षांहून जास्त काळाच्या नोंदी हाताशी असतात. मला आधी शिकवलं ते साधं लेव्हलिंग, म्हणजे दोन जागांच्या उंचीतला फरक मोजणं, सिव्हिलची मुलं कॉलेजच्या मैदानावर करतात तेच. मध्ये लेव्हल (आडवी दुर्बीण), मागे एक जण स्टाफ (आकड्यांची उभी पट्टी) धरून, पुढे एक जण. मागचं रीडिंग, पुढचं रीडिंग, फरक वहीत, आणि सगळे पुढे सरकायचे. फरक इतकाच की पायाखाली काळा, नवा बेसाल्ट असतो. उन्हाने त्यावरची हवा थरथरते आणि स्टाफवरचे आकडे नाचायला लागतात. म्हणून पहाटे लवकर सुरुवात करायची, अंतरं लहान ठेवायची, मागचं आणि पुढचं अंतर सारखं ठेवायचं. शेवटी जिथून निघालो त्याच बेंचमार्कवर, म्हणजे उंचीच्या पक्क्या खुणेवर, परत येऊन बेरीज शून्याला किती जवळ येते ते पाहायचं. ती काही मिलिमीटरच्या आत आली की सगळ्यांचे चेहरे उजळतात.

आता जीपीएस आहे, उपग्रहांची रडार चित्रं आहेत, जमिनीचा कल मोजणारे टिल्टमीटर आहेत. टिल्टमीटरचं एकक मायक्रोरेडियन. एक किलोमीटर लांबीचा दांडा एका टोकाला एक मिलिमीटर उचलला तर जेवढा कल येईल, तेवढा हा. किलाउएआवर हे आकडे रोज पाहायची सवय लागते आणि माथा श्वास घेतल्यासारखा वरखाली होताना दिसतो. २०१८ मध्ये मात्र हिशोब मिलिमीटरचा राहिला नाही. मॅग्मा पूर्वेकडच्या भेगांमधून वस्तीत बाहेर पडला, सातशेहून जास्त घरं गेली, आणि इकडे माथ्यावरचं विवर काही ठिकाणी पाचशे मीटर खचलं. कड्यावरची वेधशाळेची इमारत त्या हादऱ्यांनी इतकी खिळखिळी झाली की शास्त्रज्ञांना ती सोडावी लागली. तिथल्या लोकांसाठी हा डोंगर म्हणजे पेले देवीचं घर. ते ज्या आदराने त्याबद्दल बोलतात, तो आदर आमच्या कामातही असावा असं मला मनापासून वाटतं.

हवाईत मी आणखी एक गोष्ट शिकले: नमुना घेणं. वाहत्या लाव्हात हातोडा घालून गोळा उचलायचा आणि लगेच पाण्याच्या बादलीत टाकायचा. झटक्यात थंड झाला की त्याची काच होते, स्फटिक वाढायला वेळच मिळत नाही. त्या काचेतलं मॅग्नेशियमचं प्रमाण तपासून लाव्हा बाहेर आला तेव्हा किती तापलेला होता हे काढता येतं. समुद्रतळाच्या लाव्हाला बादलीची गरज नसते. बाहेर पडताक्षणी त्यावर काचेची साल येते.

पुढचा टप्पा होता ॲक्सियल. अमेरिकेच्या ओरेगन किनाऱ्यापासून पश्चिमेला सुमारे ४८० किलोमीटरवर, हुआन दे फुका कण्यावरचा, म्हणजे समुद्रतळावरच्या एका डोंगररांगेवरचा, हा समुद्री ज्वालामुखी. माथा सुमारे १४०० मीटर पाण्याखाली, त्यावर तीन किलोमीटर रुंद आणि आठ किलोमीटर लांब काल्डेरा, म्हणजे माथा खचून झालेलं मोठं विवर. १९९८, २०११ आणि २०१५ मध्ये तो जागा झाला. इथे लेव्हल चालत नाही, आणि जीपीएसही नाही, कारण उपग्रहाचा सिग्नल पाण्यात शिरत नाही. मग मोजायचा तो पाण्याचा दाब. तळ वर आला की त्यावरचं पाणी कमी होतं, दाब उतरतो. तळ खचला की दाब चढतो. दाबमापकात क्वार्ट्‌झचा स्फटिक असतो आणि दाबाप्रमाणे त्याच्या कंपनांची गती बदलते. डोक्यावर दीड किलोमीटर पाणी असताना एका सेंटिमीटरचा फरक त्यातून वाचता येतो. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता.

जहाजावर जाण्याआधी वैद्यकीय तपासणी, फॉर्म, पुढे लोखंडी टोपी असलेले बूट, हे सगळं आलंच. बंदर सोडलं की लगेच कवायत: लालभडक रबरी सूट ठरलेल्या वेळात अंगावर चढवायचा, कारण त्या थंड पाण्यात साध्या कपड्यांत माणूस फार वेळ टिकत नाही. उलटीच्या गोळ्या लाटा लागायच्या आधी घ्यायच्या, नंतर घेऊन उपयोग नसतो. आणि वाट पाहायची तयारी ठेवायची. लाटा चढल्या की पाण्यात काही सोडता येत नाही. सगळं सामान बांधून तयार असतं आणि माणसं बसून हवामानाचा अंदाज वाचत राहतात.

खाली जातो तो जेसन, वुड्स होल संस्थेचा यंत्रमानव. त्यात माणूस नसतो. केबलने तो जहाजाशी जोडलेला असतो आणि डेकवरच्या एका कंटेनरमधून त्याला चालवतात. आम्ही त्या कंटेनरला व्हॅन म्हणतो. आत अंधार, भिंतभर पडदे, एसीमुळे कडक थंडी. पुढे पायलट, शेजारी नॅव्हिगेटर, मागे आम्ही नोंदी ठेवणारे. चार तास ड्यूटी, आठ तास सुट्टी, मग पुन्हा चार तास. मध्यरात्रीची पाळी मला आवडायची. बोलणं कमी असतं, लक्ष पडद्यावर राहतं.

तळाशी ठरलेल्या जागांवर काँक्रीटचे ठोकळे ठेवलेले आहेत. हेच आमचे बेंचमार्क. जेसनच्या हातात दाबमापक असतो. तो ठोकळ्यावर बरोबर बसवायचा आणि वीसेक मिनिटं कुणी काही हलवायचं नाही. मग उचलायचा, पुढच्या ठोकळ्याकडे. सगळे झाले की तीच फेरी पुन्हा. किलाउएआवरच्या लेव्हलिंगसारखंच हे, मागच्या बिंदूकडे परत येऊन चूक किती उरली ते पाहायचं. पहिल्या फेरीला मी श्वास रोखून पाहत होते. यंत्रमानवाचा हात खाली येतो, मापकाचे पाय काँक्रीटला टेकतात, थोडा गाळ उडतो, दिव्यात तरंगतो आणि बसतो. पायलट हात सैल सोडतो आणि व्हॅनमधलं घड्याळ सुरू होतं. पडद्यावर दाबाचे आकडे धावत असतात, शेवटचे अंक सारखे बदलतात, पुढचे मात्र जागचे हलत नाहीत.

दोन ठोकळ्यांच्या मधल्या वाटेवर तळ पाहता येतो, आणि तिथे मला घर आठवलं. उशांसारखे गोल लाव्हा, त्यांवर काचेची साल, आणि काही ठिकाणी सपाट पत्र्यासारखे पसरलेले प्रवाह, वर दोरखंडाच्या वळ्या. असेच प्रवाह मी पदवीच्या वर्षात सह्याद्रीच्या घाटरस्त्यांच्या कटिंगमध्ये मोजले होते, साडेसहा कोटी वर्षांहून जुने. आम्हाला तेव्हा शिकवलं होतं की हे प्रवाह आधी पातळ पसरतात, वर कवच धरतं, आणि मग आतून लाव्हा भरत गेला की कवच उचललं जाऊन जाडी वाढते. त्याचा पुरावा म्हणजे खडकातली वायूची पोकळी, भेगा, थरांची रचना. सगळा तर्क, कारण दख्खनचा लाव्हा वाहताना कुणी पाहिलेला नाही. ॲक्सियलवर मात्र १९९८ मध्ये तळाशी ठेवलेलं एक यंत्र लाव्हाच्या प्रवाहात सापडलं. ते जळालं नाही. प्रवाहाच्या कवचावर बसून ते सुमारे तीन मीटर वर गेलं आणि लाव्हा ओसरल्यावर परत खाली आलं. दाबमापक चालूच होता, त्यामुळे ही वरखाली मिनिटामिनिटाने नोंदली गेली. पुढच्या वर्षी ते यंत्र ओढून काढलं. घाटात मी ज्या प्रवाहांवर हातोडा मारला होता, तसे प्रवाह कसे फुगतात याची मोजलेली नोंद समुद्राच्या तळाने दिली. त्या आलेखासारखी सुंदर आकृती मी आमच्या विषयात दुसरी पाहिलेली नाही.

खरं काम जहाजावरून उतरल्यावर सुरू होतं. भरती-ओहोटी पाण्याची उंची मीटरांनी बदलते, आणि आपल्याला हवा असतो सेंटिमीटर. म्हणून तळाशी कायम ठेवलेल्या मापकांची त्याच वेळची नोंद वजा करायची. पण त्या मापकांचं वाचन वर्षभरात आपोआप थोडं सरकतं, हा त्यांचा स्वभावच. त्यासाठीच तर फेरी मारायची: काल्डेराच्या बाहेर, फारसा न हलणाऱ्या जागी एक ठोकळा आहे, त्याच्याशी तुलना करून आतला प्रत्येक ठोकळा किती चढला ते काढायचं. महिनोन्‌महिने मी याच वजाबाक्या केल्या.

या चिकाटीला फळ येतं. बिल चॅडविक आणि स्कॉट नूनर या शास्त्रज्ञांनी ॲक्सियलवरच्या याच मोजमापांवरून २०१४ मध्ये सांगितलं की पुढचा उद्रेक २०१५ मध्ये होईल. २४ एप्रिल २०१५ ला तो झाला. त्याच्या आदल्याच वर्षी किनाऱ्यापासून टाकलेल्या केबलमुळे त्या दिवसाचे हजारो भूकंप शास्त्रज्ञांना घरबसल्या दिसले. काल्डेराचा तळ सुमारे २.४ मीटर खचला आणि काही ठिकाणी नव्या लाव्हाचा थर १२७ मीटरपर्यंत जाड झाला. उद्रेकाआधी तळ २०११ च्या पातळीपेक्षा सुमारे ३० सेंटिमीटर जास्त वर चढला होता. म्हणजे उंबरठा दर वेळी तोच नसतो, आणि अंदाज बांधणं अजूनही अवघडच आहे.

आपल्याकडे हे काम नाही असं समजू नका. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे अभय मुधोळकर आणि त्यांचे सहकारी २३ जानेवारी २०१७ ला 'सिंधु संकल्प' जहाजावरून अंदमानच्या समुद्रतळाचे नमुने घेत होते. तेव्हा जवळच्या बॅरन बेटावरून राख उडताना त्यांना दिसली, आणि सूर्य मावळल्यावर लाव्हाचे लाल फवारे. या वाटेला यायचं असेल तर घाटातले प्रवाह मोजायला शिका, आणि त्याच्याबरोबर कालमालिकांचं (वेळेनुसार घेतलेल्या नोंदींचं) गणित आणि पायथॉन ही संगणकाची भाषा. अर्जात निबंध लिहिण्यापेक्षा स्वतः भरती-ओहोटी वजा केलेला एखादा आलेख जोडा. किनाऱ्यावरच्या भरतीमापकांच्या नोंदी मिळवून तो आजच काढता येतो.