जेवण आणि गाणी फोनमधून बाहेर काढताना

फोन कमी करायचा ठरवल्यावर मी पहिल्यांदा ॲपवर वेळमर्यादा घातली. बहुतेक जण तिथूनच सुरू करतात. त्यातून साध्य काहीच झालं नाही. आयफोनवर वेळ संपली की मर्यादा संपल्याचा पडदा येतो आणि त्याच पडद्यावर 'आज दुर्लक्ष करा' अशा अर्थाचं बटणही असतं. कुलूप लावून किल्ली त्यालाच अडकवून ठेवावी, तसला प्रकार.

मग मर्यादा काढून टाकल्या आणि नुसते आकडे बघायचे ठरवले. 2018 मध्ये आयफोनला 'स्क्रीन टाइम' आणि अँड्रॉइडला 'डिजिटल वेलबीइंग' मिळालं. फोनवर किती तास गेले, एवढंच बघून लोक ते बंद करतात. तासांच्या आकड्याने फक्त अपराधी वाटतं, पुढे काय करायचं ते कळत नाही. मला उपयोग झाला तो त्याच पानावर खाली असलेल्या दोन गोष्टींचा. एक म्हणजे फोन कुठल्या वेळी किती वेळा उचलला त्याचा आलेख. दुसरी म्हणजे उचलल्यावर सगळ्यात आधी कुठलं ॲप उघडलं याची यादी.

आलेखात ठळक उंचवटे दोन्ही जेवणांच्या वेळी होते. आणि यादीत पहिलं होतं गाण्यांचं ॲप.

मला वाटत होतं, छोट्या व्हिडिओंनी घोळ केलाय. व्हिडिओंवर वेळ जायचाच, पण त्यासाठी म्हणून मी फोन क्वचितच हातात घेत होते. घेत होते गाणं बदलायला. गाणं बदललं की संदेशाचा ठिपका दिसायचा, संदेशात कुणीतरी पाठवलेली लिंक असायची, आणि त्या लिंकच्या पलीकडे न संपणारं स्क्रोल. 2006 च्या सुमारास हे न संपणारं स्क्रोल घडवणाऱ्या एझा रॅस्किन यांनीच पुढे त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला आहे. पान संपलं की माणूस क्षणभर थांबतो. त्यांच्या रचनेत तो क्षणच उरला नाही.

थोडक्यात, माझ्या दोन सगळ्यात आवडत्या गोष्टी, खाणं आणि ऐकणं, फोनकडे जायच्या वाटा झाल्या होत्या. मग फोनशी झगडण्यापेक्षा या दोन गोष्टीच तिथून बाहेर काढायच्या, असं ठरवलं. (व्यसन हा शब्द मी जपूनच वापरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात गेमिंगचा विकार आहे, मोबाईलचं व्यसन असा स्वतंत्र आजार नाही. पण हात शिवशिवतो तेव्हा वर्गीकरण कोण बघतं!)

जेवण सोपं जाईल असं वाटलं होतं. फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा आणि जेवायला बसायचं, त्यात काय अवघड? पण पहिल्या काही जेवणांत मी आधीपेक्षा भराभर जेवले. समोर बघायला काही नाही म्हटल्यावर जेवण हे उरकायचं काम झालं, आणि उरकलं की फोन मिळणार होता! म्हणजे फोन टेबलावर नसला तरी जेवणाचा वेग तोच ठरवत होता. यावर उपाय म्हणून जेवण झाल्याझाल्या फोनकडे जायचं नाही, आधी भांडी आवरायची, असा नियम केला. घाईने जेवून हातात भांडीच येणार हे कळल्यावर घाई आपोआप गेली.

मग चवी लागायला लागल्या. आई स्वयंपाकात सतत काहीबाही प्रयोग करते आणि जेवताना विचारते, "काय वेगळं लागतंय सांग बघू?" पूर्वी मी मान न उचलता "छान झालंय गं" म्हणायचे. आता खरंच सांगता यायला लागलं, कधी चुकीचं, पण सांगता यायला लागलं. मला कुरकुरीत, आंबट-तिखट खायला फार आवडतं. त्यातला कुरकुरीतपणा हा निम्मा कानाचा विषय आहे, हे इयरफोन लावून जेवताना मला कधी कळलंच नव्हतं.

दुसरा फरक पोटाचा. लक्ष दुसरीकडे ठेवून खाल्लं तर त्या वेळी थोडं जास्त खाल्लं जातं आणि नंतरच्या खाण्यात त्याहून जास्त, असं अनेक प्रयोग एकत्र करून 2013 मध्ये मांडलं गेलं आहे. कारण स्मरणाशी जोडलेलं आहे. काय आणि किती खाल्लं याची आठवण नीट राहिली नाही, की पुढच्या वेळी हात आखडता राहत नाही. माझं संध्याकाळचं अवेळी चरणं कमी झालं ते कुठलंही पथ्य न करता.

गाण्यांचं प्रकरण मात्र किचकट निघालं.

नेट नसलेला एक साधा संगीत-प्लेअर घेतला. त्यात संदेश येत नाहीत, व्हिडिओ नाहीत, छोट्या पडद्यावर गाण्यांची नावं तेवढी दिसतात. पण त्यात गाणी भरायची कुठून? महिन्याचे पैसे भरून जी ॲप वापरतो त्यांत 'डाउनलोड' केलेली गाणी कुलूपबंद असतात. ती त्याच ॲपमध्ये वाजतात, बाहेर काढता येत नाहीत. इतकी वर्षं ऐकलेल्या त्या गाण्यांतलं एकही माझ्या मालकीचं नव्हतं. मग कपाटातल्या जुन्या सीडी काढल्या, संगणकावर उतरवल्या आणि काही अल्बम विकत घेतले. एमपीथ्री 320 केबीपीएसला (म्हणजे सेकंदाला 320 किलोबिट, आवाजाची चांगली प्रत) उतरवली तर एका मिनिटाला साधारण 2.4 एमबी लागते, म्हणजे चार मिनिटांचं गाणं 10 एमबीच्या आतच. 32 जीबीच्या कार्डात तीन हजारांवर गाणी बसतात. मला त्याच्या पावपटसुद्धा लागली नाहीत. कंटाळवाणं काम होतं ते नावं आणि क्रम दुरुस्त करण्याचं. फाइलच्या आत गायक, अल्बम, क्रमांक ही माहिती भरलेली नसेल तर प्लेअर सगळी गाणी अक्षरक्रमाने वाजवतो आणि अल्बमची पार वाट लागते. हे करताना 'यापेक्षा फोन परवडला' असं मनात येऊन गेलं, खोटं कशाला बोलू.

पण ऐकायला लागल्यावर वेगळंच जाणवलं. मला गाणं पूर्ण ऐकवत नव्हतं. पहिलं कडवं झालं की अंगठा पुढच्या गाण्याकडे वळायचा. स्पॉटिफायवर 30 सेकंद वाजलं की गाणं ऐकलं म्हणून मोजलं जातं, आणि माझी कितीतरी गाणी तिथवरही पोचत नसणार. आवड बदलली म्हणून नव्हे, तर पुढचं काहीतरी याहून बरं असेल या आशेने. बक्षीस कधी मिळेल हे ठरलेलं नसलं की कळ दाबण्याची सवय सुटता सुटत नाही, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांत कबुतरांनीसुद्धा दाखवलं आहे. प्लेअरवर मी अल्बमच लावायचा असं ठरवलं, आणि लावला की तो खिशात. ज्या गाण्यांवरून वर्षानुवर्षं उडी मारली होती, त्यांतलं एक सध्या माझं सगळ्यात लाडकं आहे. अल्बमच्या मध्यावर असतं, सावकाश उलगडतं, गाणारा आवाज बऱ्याच उशिरा येतो. ॲपने ते मला आपणहून कधीच सुचवलं नव्हतं.

जेवताना संगीत लावून पाहिलं. द्रुत लयीचं लावलं की घासही द्रुत होतात, आणि शब्द असले की गप्पा थांबतात. म्हणून जेवताना फक्त संथ वाद्यसंगीत, तेही स्पीकरवर, इयरफोन नाही.

बाकीचे उपाय पटकन सांगते. फोनचा पडदा करडा केल्याने थोडा फायदा झाला, पण फोटो बघायला रंग परत आणले की ते तसेच राहून जायचे. शेवटी सेटिंगमधल्या 'ॲक्सेसिबिलिटी'त जाऊन बाजूचं बटण तीनदा दाबलं की रंग जातील-येतील असं करून ठेवलं. चार्जर झोपायच्या खोलीबाहेर नेला, त्यासाठी गजराचं घड्याळ आणावं लागलं. सूचना माणसांच्या तेवढ्या ठेवल्या, ॲपच्या सगळ्या बंद. आणि एकवीस दिवसांत सवय लागते हे ज्याने त्याने सांगितलं, त्यावर विश्वास ठेवला नाही. लंडनमध्ये झालेल्या एका अभ्यासात, तो 2009 मध्ये प्रसिद्ध झाला, साध्या सवयी अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले होते, आणि माणसागणिक हा काळ 18 ते 254 दिवस असा पसरलेला होता. हे आधी वाचलं म्हणून तिसऱ्या आठवड्यानंतरही हात फोन शोधत होता तेव्हा मी नाद सोडून दिला नाही.

आता आलेखातले जेवणाचे उंचवटे गेलेत. प्रवासातले तसेच आहेत, आणि त्यांना मी अजून हात लावलेला नाही. एकट्याने जेवताना पुस्तक उघडते. ते चालतं की नाही यावर घरात वाद आहे, आईच्या मते पुस्तक आणि फोन यांत काही फरक नाही. नवीन गाणी मात्र फोनशिवाय सापडत नाहीत, हे मान्य. म्हणून कुणी सुचवलं की नाव वहीत लिहून ठेवते आणि शनिवारी ती यादी घेऊन ॲपवर बसते. ऐकून टिकाऊ वाटलं तर विकत घेते. वहीतली निम्मी नावं शनिवार येईपर्यंत मीच खोडलेली असतात.