ब्रोमाइडची चिठ्ठी

एमएस्सीच्या प्रोजेक्टला पॅरा-झायलीनचं (बेंझिनच्या कड्यावर समोरासमोर दोन मिथाइल गट असलेल्या द्रवाचं) हवेने ऑक्सिडेशन घेताय आणि कॉलेज आमच्यासारखं तालुक्याचं असेल, तर मागणीपत्रात कोबाल्ट ॲसिटेट या कॅटलिस्टच्या शेजारीच सोडियम ब्रोमाइडही लिहून टाका. सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे प्रोजेक्टच्या आराखड्यात, तर लिहाच.

आमचं कॉलेज भंडारा जिल्ह्यातलं. विषय मंजूर झाला, रसायनं नागपूरहून वेळेत आली, हवा सोडायला फिशटँकचा पंप लावला. अडलं ते पुढे. कोबाल्ट ॲसिटेट ॲसिटिक ॲसिडमध्ये गुलाबी विरघळतं. हा कोबाल्ट दोन, म्हणजे दोन धन भारांचा. झायलीनच्या मिथाइलला हात घालतो तो कोबाल्ट तीन, रंगाने हिरवा. दोनाचा तीन व्हायला पेरॉक्साइड लागतं आणि पेरॉक्साइड मिळायला ऑक्सिडेशन आधीच सुरू झालेलं असावं लागतं! त्यामुळे तासन्‌तास फ्लास्क गुलाबीच. जरा हिरवट झाक आली की दुपारचा विजेचा फिडर बंद, पंप बंद, पुन्हा गुलाबी.

सर म्हणाले, ब्रोमाइड घाल. कोबाल्ट तीन ब्रोमाइडमधून ब्रोमीनचा अणू मोकळा करतो, तो मिथाइलचा हायड्रोजन झटकन ओढतो, तिथे ऑक्सिजन बसतो, पेरॉक्साइड होतं आणि चक्र फिरायला लागतं. पॉलिएस्टरसाठी टेरेफ्थॅलिक ॲसिड बनवणारे कारखाने १९५०च्या दशकापासून कोबाल्ट, मँगनीज आणि ब्रोमाइड याच त्रिकुटावर चालत आलेत, २०० अंशांच्या आसपास, दाबाखाली. ब्रोमाइड नसेल तर एक मिथाइल ऑक्सिडाइज होतं आणि दुसरं अडून बसतं.

हे सगळं मी ऑफिसात समजावलं. मोठ्या बाबूंनी सिनॉप्सिस चाळलं.

"यात ब्रोमाइड कुठं आहे मॅडम?"

"कॅटलिस्टला मदत करतं ते."

"मग मदतनिसाची वेगळी मंजुरी लागते जी."

मंजुरी खरेदी समितीची. समिती बसणार सदस्य जमतील तेव्हा. त्याआधी तीन कोटेशन, आणि तीही एका बाटलीसाठी, जिची किंमत माझ्या नागपूरच्या एसटी भाड्याच्या आसपास. कोटेशन आणली, तर एकावर शिक्का पुसट. शिक्का ठळक करून आणला, तर अध्यक्ष परीक्षेच्या कामात. मी स्वतः विकत आणते म्हटलं, तर "बाहेरचं केमिकल लॅबमध्ये चालत नाही." तोवर माझा कोबाल्ट गुलाबीच, आणि सबमिशनची तारीख तिकडून जवळ येत चाललेली. अजूनही ऑफिसच्या खिडकीवरून जाताना माझं डोकं तापतं.

सोडवलं लॅबच्या काकांनी. "बाई, पोट्ट्यांच्या सॉल्टमंदी ब्रोमाइड असते न, ते नाई चालत का?" बीएस्सीच्या सॉल्ट ॲनालिसिसच्या कपाटात पोटॅशियम ब्रोमाइड! त्यासाठी लागली फक्त एचओडींच्या सहीची चिठ्ठी. बाटली मात्र न उघडलेलीच मागा. उघड्या बाटलीत पोरांचे चमचे काय काय पाडून गेलेले असतात. चिमूटभर घातलं. गुलाबीत निळसर झाक आली, म्हणून घाबरू नका. ब्रोमाइड कोबाल्टला धरून बसतो तो हा रंग. त्या संध्याकाळी पाण्यात ओतल्यावर पांढरा साका बसला. पॅरा-टोलुइक ॲसिड, म्हणजे एक मिथाइल ऑक्सिडाइज झालेलं झायलीन, वितळणबिंदू १८० अंशांजवळ. काकांना मी समोसे खाऊ घातले.

आणखी एक, हे आधीच सांगायला हवं होतं: पंप आणि फ्लास्क यांच्यामध्ये रिकामी बाटली जोडा. वीज गेली की गरम ॲसिड नळीतून उलटं ओढलं जातं. हवा कॅल्शियम क्लोराइडमधून सोडा, कारण पाणी वाढलं की रिॲक्शन मंदावते. वाफा पेट घेतात, म्हणून बर्नर नको, ऑइल बाथ घ्या. उन्हाळ्यात टाकीचं पाणीच कोमट येतं, कंडेन्सरला बर्फ घातलेलं पाणी फिरवा. जानेवारीत उलटं: ग्लेशियल, म्हणजे बिनपाण्याचं, ॲसिटिक ॲसिड १६.६ अंशांखाली गोठतं, आमच्याकडे सकाळी बाटलीत दगड असतो. बाटली कोमट पाण्यात ठेवा, झाकण सैल करून.