पाण्याचा एक आकडा मिळवताना: माझा अनुभव

दसऱ्यानंतर पाऊस पुन्हा दोन दिवस कोसळला. तिसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं, म्हणून मी भाच्याला घेऊन गोव्यात बार्देशातल्या आमच्या नेहमीच्या किनाऱ्यावर गेले. खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे पाणी उथळ, लाटा नाहीत. लहान मुलांना तिथेच डुंबू द्यायची आमच्या घरची जुनी सवय. दोन दिवसांनी त्याला जुलाब सुरू झाले, मग कान ठणकायला लागला. म्हापशाच्या डॉक्टरांनी औषध दिलं, पण हे पाण्यामुळेच झालं असं खात्रीने सांगता येणार नाही, असंही सांगितलं. त्या पाण्यात नेमकं काय होतं, हे माझ्या डोक्यातून जाईना.

पहिल्यांदा जीवरक्षकाला विचारलं. तो म्हणाला, "ताई, लाल झेंडा लाटांसाठी आणि ओढीसाठी. पाणी घाण आहे की नाही ते त्याच्यावरून कळत नाही."

आकडा कोणता मागायचा ते मात्र मला सापडलं. समुद्रात अंघोळ करायची तर १०० मिलिलिटर पाण्यात फीकल कॉलिफॉर्म १०० च्या वर नको, अशी आपल्याकडे मर्यादा आहे. हे जंतू माणसाच्या आणि जनावरांच्या आतड्यातले. ते वाढलेले दिसले की कुठूनतरी मैला मिसळत असण्याची दाट शक्यता, आणि मैल्याबरोबर रोगाचे जंतूही येतात.

किनाऱ्याच्या पाण्याचे नमुने तपासणाऱ्या सरकारी कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज केला, १० रुपये भरले. मुदत ३० दिवसांची. उत्तर २८व्या दिवशी आलं. तिथपर्यंत काहीच त्रास नाही.

पाकिटात तीन पानांचा तक्ता. तारीख, पीएच (पाण्याची आम्लता), बीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप), फीकल कॉलिफॉर्म, सगळे रकाने भरलेले. पण ठिकाणाच्या रकान्यात एकाही किनाऱ्याचं नाव नाही, नुसते संकेतांक. एक अक्षर, एक आकडा. काही ओळींत कॉलिफॉर्म १०० च्या खूप वर, काहींत खाली, आणि आमचा किनारा त्यातला कोणता ते कळायला मार्ग नाही. मी त्या कार्यालयात गेले. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, मागितलं ते दिलंय. संकेतांकांची यादी मागितली तर म्हणाल्या, ती आमच्या आतल्या कामाची. दुसऱ्या खेपेला ती फाइल ज्यांच्याकडे ते रजेवर. तिसऱ्या खेपेला मला नवा अर्ज करायला सांगितलं, म्हणजे पुन्हा ३० दिवस. शाळेतून अर्धी रजा काढून, म्हापशाहून बस धरून मी जात होते, आणि ती यादी त्या खिडकीपासून दहा पावलांवरच्या कपाटात होती. आजही आठवलं की माझा संताप होतो. पाण्यात उतरतात ती आमची मुलं. त्या पाण्याचा आकडा आम्हाला वाचता येईल असा द्यायला नको?

नवा अर्ज करू नका. उत्तर अपुरं असेल तर ते हाती आल्यापासून ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं, त्याच कार्यालयातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे. मी एका पानात लिहिलं: ठिकाण कळत नसेल तर ही माहिती अपुरी आहे. आणि अर्जाच्या प्रतीवर पोच म्हणून तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. सुनावणीत माझ्या कामी तोच आला.

सुनावणी दहा मिनिटांत संपली. अधिकाऱ्यांनी नोंदवही मागवली. प्रत्येक संकेतांकापुढे अक्षांश-रेखांश लिहिलेले होते. मी तिथेच फोनच्या नकाशात ते आकडे घातले. खूण उमटली ती खाडीच्या मुखावर, भाचा डुंबत होता त्याच वाळूवर. त्या ओळीत पावसाळ्यानंतरचा आकडा मर्यादेच्या वर होता. भीती वाटली, पण सुटल्यासारखंही वाटलं. उत्तरेकडच्या पुढच्या ठिकाणाचा आकडा मर्यादेच्या आत होता.

हे आधीच सांगायला हवं होतं: अर्जातच ठिकाणाचं नाव, अक्षांश-रेखांश आणि नमुना घेतल्याची तारीख व वेळ मागा. भरती होती की ओहोटी तेही विचारा, कारण ओहोटीला खाडीतलं पाणी बाहेर येतं. नोंदवही प्रत्यक्ष पाहण्याचा हक्कही कायद्यात आहे. मी तो पहिल्याच अर्जात मागायला हवा होता. आणि नमुना निर्जंतुक बाटलीत घेऊन, बर्फात ठेवून प्रयोगशाळेत नेला तरी जंतू वाढवून मोजायला काही दिवस जातात. म्हणजे कागदावरचा आकडा नेहमी होऊन गेलेल्या पाण्याचा. आजच्या पाण्यासाठी आपले डोळेच वापरावे लागतात.

जोराचा पाऊस झाला की आता आम्ही तीन दिवस पाण्यात उतरत नाही. गटारं, भरलेल्या सेप्टिक टाक्या, सगळं वाहून खाडीत येतं. उतरलो तरी खाडीपासून लांब, उत्तरेला. भाचा पहिल्यांदा रुसला. मग मी त्याला नकाशावरची ती खूण दाखवली. आता वाळूत चालताना तोच मला विचारतो, "मावशी, पुरे झालं ना एवढं लांब?"