लग्न युक्रेनचं, मांडव लिव्हरपूलच्या दारात

युरोव्हिजनचा रिवाज असा, की यंदा जो देश जिंकेल त्याने पुढच्या वर्षी ही मुख्यतः युरोपातल्या देशांमधली गाण्यांची स्पर्धा आपल्याकडे भरवायची. 2022 मध्ये इटलीतल्या तूरिनला युक्रेनचा कालुश ऑर्केस्ट्रा हा गट जिंकला, आणि तिकडे तर बॉम्ब पडत होते. तेव्हा दुसऱ्या आलेल्या ब्रिटनला विचारणा झाली. बीबीसीने हो म्हटलं आणि घोडं आमच्या लिव्हरपूलपर्यंत येऊन पोचलं.

तेही सहजासहजी नाही. वीस शहरांनी हात वर केले होते, त्यातली सात उरली, मग ग्लासगो आणि लिव्हरपूल. 7 ऑक्टोबर 2022 ला टीव्हीवर आमचं नाव जाहीर झालं. ओडेसा हे लिव्हरपूलचं 1950च्या दशकापासूनचं जुळं शहर, ही गोष्ट इथले लोक त्या दिवसापासून इतक्या वेळा सांगू लागले की जणू रोजचं येणंजाणं होतं! अंतिम फेरी 13 मे 2023 ला. म्हणजे हातात सात महिने. एवढ्या वेळात आपल्याकडे एखाद्या उड्डाणपुलाची निविदासुद्धा निघत नाही.

सरकारने एक कोटी पौंड दिले, शहर आणि आसपासच्या प्रदेशाने मिळून चाळीस लाख. खोल्यांचे दर मात्र कोणाच्याच ताब्यात राहिले नाहीत. आमच्या गल्लीतल्या एका घरमालकाने त्या आठवड्यासाठी जो आकडा सांगितला, त्यात माझं दोन महिन्यांचं भाडं निघालं असतं. त्यात आदल्याच शनिवारी राजाचा राज्याभिषेक, आणि ऐन अंतिम फेरीच्या दिवशी देशभर रेल्वे संप. आमची स्थानिक मर्सीरेल चालू होती म्हणून निभावलं.

मला खरं कौतुक वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. लग्न दुसऱ्याचं आणि मांडव आपल्या दारात असला की यजमानाला मिरवायचा मोह होतो. बीटल्सच्या गावाला तर फारच. पण इथे युक्रेनचा मान आधी ठेवला गेला. ‘सुस्पिलने’ ही त्यांची सार्वजनिक वाहिनी बीबीसीच्या बरोबरीने होती. सूत्रसंचालनात युक्रेनची गायिका युलिया सानिना होती. प्रत्येक गाण्याआधीच्या छोट्या चित्रफितीत युक्रेनमधली एक जागा, ब्रिटनमधली एक आणि त्या स्पर्धक देशातली एक असं दाखवलं जाई. शहरात जागोजागी युक्रेनची ओळख असलेल्या नाइटिंगेल पक्ष्याचे मोठाले पुतळे उभे केले होते. पोरं त्यांच्यासोबत फोटो काढायला रांगा लावत. आणि टाउन हॉलच्या मागच्या चौकातलं नेल्सनचं स्मारक वाळूच्या गोण्यांनी झाकून टाकलं होतं, जसं युक्रेनमध्ये पुतळे वाचवण्यासाठी करतात. सगळ्या झगमगाटात तेवढा एक चौक वेगळा होता. डबा खायला मी तिथे जात असे. गोण्या नव्याकोऱ्या होत्या, आणि येणारा प्रत्येक जण त्यांना हात लावून बघायचा.

अंतिम फेरीची तिकिटं मार्चमध्ये 36 मिनिटांत संपली. एप्रिलअखेरीस थोडी पुन्हा विक्रीला निघाली तेव्हा मला शुक्रवार रात्रीचं मिळालं. लोक त्याला रंगीत तालीम समजतात, पण अंतिम फेरीचे परीक्षक गुण देतात ते हा शुक्रवारचा प्रयोग बघून. म्हणजे शनिवारी जग टीव्हीसमोर बसतं तेव्हा अर्धा निकाल लागलेला असतो.

मी गायकांपेक्षा काळ्या कपड्यांतली माणसंच बघत बसले. गाणं जास्तीत जास्त तीन मिनिटांचं, रंगमंचावर सहाच्या वर माणसं नाहीत, गळा खरा हवा. गाणं संपलं की दिवे मालवतात, पडद्यावर चित्रफीत सुरू होते, आणि तेवढ्यात, जेमतेम पाऊण मिनिटात, आधीचं सगळं सामान ढकलत बाहेर आणि पुढचं आत. चाकांचे चौथरे, खुणेच्या पट्ट्या, शेवटी एक जण फरशी पुसत उलटा पळत जातो. अशा सव्वीस गाण्यांत एकदाही कोणी कोणाला धडकलं नाही.

शनिवारी पिअर हेडवर, नदीकाठच्या मोठ्या पडद्यासमोर होतो. माझी ऑफिसमधली खार्किवची मैत्रीण बरोबर होती. विस्थापित युक्रेनियनांसाठी 20 पौंडांची तीन हजार तिकिटं राखून ठेवली होती. सोडतीत तिचं नाव लागलं नव्हतं. कार्यक्रम रंगात आलेला असताना तिचा फोन घोंघावला. हवाई हल्ल्याचा इशारा देणारं ॲप तिने अजून काढलेलं नाही. तिने आईला मेसेज टाकला, दोन निळ्या खुणा आल्या तशी फोन खिशात घातला. थोड्या वेळात बातमी आली की क्षेपणास्त्रं तेर्नोपिलवर पडलीत, आणि त्याच गावाची त्वोर्ची ही जोडी युक्रेनकडून आता गायला उभी राहणार होती. ते गायले. ती शेवटपर्यंत उभी होती आणि त्यांचं झाल्यावर म्हणाली, "मागच्या वर्षीचं गाणं जास्त चांगलं होतं." मलाही तसंच वाटत होतं, पण मी बोलले नसते.

जिंकली स्वीडनची लोरीन, 583 गुणांनी, 2012 नंतर दुसऱ्यांदा. जनतेची मतं सर्वाधिक पडली ती फिनलंडच्या केरियाला, त्या पोपटी बाह्यांवाल्याला. ब्रिटनची मे मुलर सव्विसांत पंचविसावी. मांडव घालणाऱ्याच्या पानात पापडसुद्धा पडला नाही.

त्या वर्षीपासून स्पर्धेबाहेरच्या देशांतल्या लोकांनाही ऑनलाइन मत देता येऊ लागलं. इथे राहून मला ब्रिटनला मत देता येईना, कारण आपल्याच देशाला मत चालत नाही. म्हणून मी कोल्हापूरच्या मामेभावाला रात्री साडेबारापासून जागं ठेवलं, बिचाऱ्या मे मुलरला दोन मतं टाक म्हणून बजावलं. त्याने क्रेडिट कार्ड काढलं आणि सगळी मतं पोपटी बाह्यांना देऊन टाकली.