आमची वाटचाल: सर्चची चाचणी कुठे घ्यायची?

ऑनलाइन दुकानांच्या वेबसाइट बांधून देणं हे आमचं मूळ काम. त्यात सर्च म्हणजे वरच्या पट्टीतला एक चौकोन, एवढीच त्याची पत होती. डेटाबेसला ‘लाइक’ची क्वेरी द्यायची, शब्दाच्या मागेपुढे टक्क्याचं चिन्ह लावायचं, काम झालं. कॅटलॉग वाढला की ही क्वेरी रखडते, कारण शब्दाआधी टक्का असला की डेटाबेसला नेहमीचा इंडेक्स, म्हणजे झटपट शोधायची सूची, वापरता येत नाही. त्याहून मोठी पंचाईत क्रमाची. सापडलेल्यातलं आधी काय दाखवायचं, हे ‘लाइक’ सांगत नाही. म्हणून आम्ही इलॅस्टिकसर्च या खास शोधासाठीच्या सॉफ्टवेअरकडे वळलो, आणि हळूहळू सर्च हाच आमचा मुख्य धंदा झाला.

२०२१ मध्ये परवान्याचा वाद होऊन त्याला ओपनसर्च अशी फांदी फुटली. ग्राहकाच्या होस्टिंगला जे सोयीचं, ते आम्ही घेतो. दोघांच्या पोटात ल्युसीन हीच शोधाची लायब्ररी आहे. डोकं खाल्लं ते चाचणीच्या जागेनं, म्हणजे कुठल्या डेटावर आणि कुठल्या मशीनवर तपासायचं या प्रश्नानं.

कार्ट, कूपन, पेमेंट यांच्या चाचणीला थोडी नमुना उत्पादनं पुरतात. दोन वस्तूंची बेरीज नमुन्यातही तेवढीच येते. सर्चचं तसं नाही. तिथे प्रत्येक उत्पादनाचा गुण, म्हणजे क्रम ठरवणारा आकडा, बाकीच्या सगळ्या उत्पादनांवर अवलंबून असतो. हा गुण काढायचं ल्युसीनचं आजचं प्रमाण सूत्र बीएम२५. जो शब्द कमी उत्पादनांत सापडतो त्याला ते जास्त वजन देतं. समजा कोणी ‘निळा रेनकोट’ शोधलं. नमुन्यात रेनकोट बरेच, पण निळी वस्तू रेनकोटखेरीज एकच, ती म्हणजे बॅग. मग ‘निळा’ हा दुर्मीळ शब्द ठरतो आणि निळ्या रेनकोटच्या खालोखाल ती बॅग येऊन बसते. खऱ्या कॅटलॉगमध्ये निळ्या वस्तूंना तोटा नसतो, रेनकोट मात्र मोजके. तिथे दुसऱ्या जागी हिरवा रेनकोट येतो. कोड तोच, सेटिंग तेच, निकाल उलटा. नमुना डेटावर क्रम ‘सुधारत’ बसणं हा शुद्ध वेळेचा अपव्यय आहे, असं माझं स्पष्ट मत.

शार्डचाही, म्हणजे इंडेक्सचे जे तुकडे पाडून ठेवतात त्यांचाही, असाच खेळ. शब्द किती दुर्मीळ, हा हिशोब प्रत्येक शार्ड आपापल्यापुरता करतो. इलॅस्टिकसर्च ७ येईपर्यंत नव्या इंडेक्सला आपोआप पाच शार्ड मिळत. पन्नास उत्पादनं पाच ठिकाणी वाटली, की तोच शब्द एका शार्डमध्ये दुर्मीळ आणि दुसऱ्यात सामान्य. सगळ्या शार्डचे आकडे एकत्र धरून गुण काढायची सोय आहे, पण चाचणीत ती लावायची आणि लाइव्हवर, म्हणजे चालू दुकानात, नाही, म्हणजे आपणच आपली समजूत घालणं.

चुकीच्या स्पेलिंगला सवलत देणारं सेटिंगही लहान डेटात निरुपद्रवी दिसतं. तीन ते पाच अक्षरचिन्हांच्या (मात्रा आणि हलन्तही धरून) शब्दाला ते आपोआप एका बदलाची मुभा देतं. ‘शर्ट’ आणि ‘शॉर्ट’ यांत फरक नेमका एका चिन्हाचा! नमुन्यात ‘शॉर्ट जॅकेट’ नसलंच, तर हा घोळ लाइव्ह गेल्यावरच कळणार.

म्हणून आता आम्ही दोन जागा ठेवतो. पहिली कामचलाऊ: प्रत्येकाच्या लॅपटॉपवर डॉकरमध्ये (सॉफ्टवेअर वेगळ्या डब्यात चालवायची सोय) सर्चचा एक नोड, म्हणजे एकच सर्व्हर, नमुना डेटा, प्रत्येक बदलानंतर आपोआप चाचण्या. इथे क्रम तपासायचा नाही. फिल्टर चालतात का, रिकाम्या क्वेरीला काय होतं, एवढंच. फक्त एक ध्यानात ठेवावं लागतं. नवं उत्पादन इंडेक्समध्ये घातल्या क्षणी शोधात दिसत नाही. नवे बदल शोधात आणणारा रिफ्रेश साधारण सेकंदाने होतो. चाचणीला त्याची वाट पाहायला सांगितलं नाही, तर ती कधी पास, कधी नापास.

दुसऱ्या जागी पूर्ण कॅटलॉग. शार्डची संख्या लाइव्हइतकीच, मशीन मात्र लहान. फोटो इंडेक्समध्ये जात नाहीत, मजकूर आणि आकडेच जातात; त्यामुळे लाखभर उत्पादनंही बेताच्या सर्व्हरवर मावतात. ‘हुबेहूब लाइव्हसारखंच हवं’ असा काही ग्राहकांचा आग्रह असतो. आम्ही सांगतो, पैसे डेटावर घाला, मशीनवर नको. वेग मोजायचा असेल तेव्हा मोठं मशीन तेवढ्यापुरतं भाड्याने घेता येतं. या लहान सर्व्हरवरचा वेग बघून मात्र कोणी निष्कर्ष काढू नये.

तिथे चालवायला क्वेरी लाइव्हच्या लॉगमधून घेतो, कारण लोक काय टाइप करतात याची कल्पना टेबलाशी बसून येत नाही. पण सर्चच्या चौकोनात लोक स्वतःचा फोन नंबर, ईमेल, ऑर्डर क्रमांक, काहीही टाकतात. लॉग जसाच्या तसा चाचणीच्या सर्व्हरवर गेला, तर ही खासगी माहितीही गेली. त्यामुळे अंकांच्या लांब माळा आणि ईमेल लाइव्हच्याच बाजूला गाळतो, आणि एखाददुसऱ्यानेच टाइप केलेल्या क्वेरी घेतच नाही. त्यात काही कामाच्या विचित्र क्वेरी हातच्या जातात. त्या दुकानाच्या ग्राहकसेवेतल्या माणसांना विचारून यादीत हाताने भरतो.